७०० किलोमीटर, १२ व्होल्ट: गाडीतल्या हॅम रेडिओसोबतचा प्रवास

माझ्या गाडीत हॅम रेडिओ आहे, म्हणजे हौशी मंडळी आपापसांत बोलायला वापरतात तो रेडिओ. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बोनेट उघडतो आणि एकच आकडा वहीत लिहून घेतो: पीटीटी (बोलताना दाबायची माइकवरची कळ) दाबलेली असताना रेडिओच्या पाठीशी किती व्होल्ट पोहोचतात. बॅटरीवरचे नव्हेत, तर लाल-काळी वायर रेडिओत जिथे शिरते तिथले. पुढे दोन दिवस सपाट रस्ता, घाट आणि पठार मिळून ७०० किलोमीटर जायचं आहे. वाटेत रेडिओ कसा वागणार, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं. अँटेनाबद्दल सगळे भरभरून बोलतात, पण वायरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून सुरुवात वायरीपासून.

रेडिओ २ मीटर आणि ७० सेंटिमीटर अशा दोन तरंगलांबींच्या बँडचा, ५० वॉटचा. नुसता ऐकताना तो अर्धा ॲम्पिअर घेतो, बोलताना १२ च्या आसपास. त्याला हवेत १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त चालतात, म्हणजे ११.७ ते १५.८. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. पीटीटी दाबली की ती १२.३ वर उतरते. म्हणजे खर्चायला हातात उरले फक्त ०.६ व्होल्ट, आणि त्यातच वायर, फ्यूज, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी), सगळे जोड भागवायचे.

बॅटरीपासून सीटखालच्या रेडिओपर्यंत ४ मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेब ८ मीटरचा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर १२ ॲम्पिअरला पाऊण व्होल्टहून थोडा जास्त वायरीतच जिरतो. ४ चौरस मिलिमीटरमध्ये अर्धा व्होल्ट, ६ मध्ये ०.३. म्हणून ५० वॉटच्या रेडिओला मी ६ चीच वायर टाकतो. १०० वॉटचा एचएफ (दूरवर बोलायच्या लांब लहरींचा) रेडिओ २२ ॲम्पिअरपर्यंत जातो. त्याला ६ ची वायर जवळपास ०.६ व्होल्ट खाते, तेव्हा तिथे १० ची. वायर घेताना टोक सुरीने खरवडून बघावं. आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. तेवढ्याच जाडीत तिचा रोध दीडपटीच्या आसपास, आणि लगमध्ये ती काही महिन्यांत सैल पडते. ती परत करावी.

सिगारेट लायटरचं सॉकेट या कामाचं नाही. त्याच्यामागची वायर बारीक, फ्यूज बहुधा १० किंवा १५ ॲम्पिअरचा, आणि आतली स्प्रिंगची पिन धक्क्याने क्षणभर सुटते. ५ वॉटचा हँडसेट त्यावर खुशाल चालवावा. ५० वॉटचा रेडिओ लावला तर पीटीटी दाबताच डिस्प्ले मंद होतो किंवा रेडिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि माणूस रेडिओलाच दोष देत बसतो.

लाल वायरीचा फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत हवा. तो रेडिओसाठी नसून वायरीसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात कधी वायर घासली, तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतू शकते. फ्यूज रेडिओजवळ असेल तर अलीकडची सगळी वायर पेटायला मोकळी. पत्र्यातून वायर रबरी ग्रॉमेटमधूनच न्यायची. गाडीचा स्वतःचा वायरींचा जुडगा जिथून आत जातो, तिथल्या ग्रॉमेटमध्ये बहुतेक वेळा जागा मिळते. बोनेटखाली वायर पन्हाळीदार नळीत घालावी, एक्झॉस्टपासून आणि हलत्या भागांपासून दूर. आत आल्यावर एअरबॅगच्या वायरींजवळून, खास करून पिवळ्या कनेक्टरांजवळून, काहीही न्यायचं नाही. एअरबॅग उघडण्याच्या वाटेत माइकचा हूकसुद्धा नको. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी केबलींना हात लावायचा नाही. तिथे रेडिओ १२ व्होल्टच्या सहायक बॅटरीवरच घ्यायचा.

काळी वायर कुठे जोडायची यावर हॅम मंडळींत खूप वाद झडतात. गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली, तर तो करंट मोजणारा सेन्सर. रेडिओची काळी वायर थेट टर्मिनलवर लावली की रेडिओचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब बिघडतो. अशा गाडीत बॅटरीची काळी पट्टी बॉडीला जिथे बोल्टने आवळली आहे, तिथेच आपली काळी वायर घ्यावी. सेन्सर नसेल आणि थेट टर्मिनलवर घेतली, तर काळ्या वायरीलाही फ्यूज ठेवावा. कारण बॅटरीची बॉडीकडे जाणारी पट्टी गंजून सैल झाली, तर स्टार्टरचा करंट अँटेनाच्या कोॲक्समधून (अँटेना आणि रेडिओ जोडणाऱ्या केबलमधून) आणि रेडिओच्या काळ्या वायरीतून वाट शोधतो.

लग क्रिंप करावेत, म्हणजे वायरीवर दाबून आवळावेत, तेही योग्य पकडीने. सोल्डर वायरीच्या तारांत वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. बॉडीवर लग लावण्याआधी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, दातेरी वॉशर टाकायचा, आवळल्यावर वरून ग्रीस.

सकाळी सेल मारताना रेडिओ बंद. स्टार्टर फिरताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जाऊ शकते. इंजिन लागल्यावर बॅटरीवर १४.१ आणि पूर्ण पॉवरवर बोलताना रेडिओपाशी १३.५ मिळाले, तर मी समाधानाने निघतो. फरक जास्त असेल तर दोष शोधायची रीत सोपी आहे. मल्टिमीटर छोट्या व्होल्टच्या पट्टीवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं रेडिओच्या प्लसवर, आणि पीटीटी दाबायची. मग तसंच काळ्या वायरीवर. ज्या बाजूला जास्त व्होल्ट दिसतील तिकडे एकेक जोड घेत जायचं. फ्यूज होल्डरवर एकट्यावर ०.३ व्होल्ट दिसले तर १२ ॲम्पिअरला तिथे साडेतीन वॉट उष्णता होते आहे, आणि ते प्लास्टिक एक दिवस वितळणार.

सपाट रस्ता लागला की अँटेनाची परीक्षा सुरू. छताच्या मध्यावर, २ मीटरसाठी पाव तरंगलांबीची, म्हणजे ४९ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची साधी काडी. छताचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. बोनेटच्या कडेला लावली तर पत्रा जिकडे जास्त, तिकडे सिग्नल जास्त जातो आणि उलट दिशेला मार खातो. चुंबकी माऊंट चालतं. छत ॲल्युमिनियमचं किंवा काचेचं असेल तर चुंबक धरणारच नाही, तेव्हा दाराच्या किंवा डिकीच्या कडेचा क्लॅम्प घ्यावा आणि त्याचे स्क्रू रंग भेदून पत्र्याला लागलेत ना हे मीटरने तपासावं. छताला १९ मिलिमीटरचं भोक पाडून बसवायचं एनएमओ माऊंट सगळ्यांत चांगलं. धाडस होत नाही हे समजू शकतो, पण वर्षानुवर्षं जे हलत नाही ते हेच.

एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १.५ च्या खाली असला की पुढे नाद सोडावा. १.५ ला परत येणारी पॉवर ४ टक्के, २ ला ११ टक्के, ३ ला मात्र २५ टक्के. आकडा १.५ वरून १.२ करण्यात तास घालवण्यापेक्षा कोॲक्स आखूड करावी: आरजी-५८ या बारीक कोॲक्सची ५ मीटर केबल २ मीटर बँडवर साधारण १ डेसिबल खाते, ७० सेंटिमीटरवर जवळपास दुप्पट.

चालत्या गाडीतला सिग्नल फडफडतो. इमारती, डोंगर, ट्रक यांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून रस्त्यावर सबळ आणि दुर्बळ जागांच्या पट्ट्या पडतात, २ मीटर बँडवर साधारण दर मीटरला एक दुर्बळ जागा, म्हणजे सिग्नलचा खड्डा. ताशी ६० किलोमीटरने सेकंदाला १६ खड्डे ओलांडले जातात, म्हणून समोरच्याला तो फडफडाट ऐकू येतो. चौकातल्या सिग्नलला थांबलो आणि रिपीटर (उंचावरून आपला आवाज पकडून पुढे पाठवणारं केंद्र) अचानक गेला, तर गाडी अशा खड्ड्यात उभी आहे इतकंच. अर्धा मीटर पुढे सरकली की तो परत येतो. म्हणून पॉवर वाढवायच्या आधी गाडी थोडी हलवून बघावी.

याच टप्प्यावर स्पीकरमध्ये एक बारीक सूर येऊ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर गाडीची वीज बनवणारं यंत्र. अँटेनाचा कनेक्टर काढून बघावं: सूर तसाच राहिला तर तो वीजवाहिनीतून येतो आहे, नाहीसा झाला तर अँटेनातून. वीजवाहिनीतून येत असेल तर आधी बॉडी अर्थचा, म्हणजे काळ्या वायरीचा बॉडीवरचा, जोड पुन्हा घासावा, मगच फिल्टर घ्यावा. इंजिनच्या वेगाशी संबंध नसलेला खरखराट बहुधा यूएसबी चार्जर, डॅश कॅमेरा किंवा एलईडी दिव्यांचा असतो. एकेक उपसून ठरवायचं. दोषी वायरीवर फेराइट (असा गोंगाट अडवणारं कडं) लावताना फक्त चिमटा अडकवून भागत नाही. वायरीचे वेढे घ्यावे लागतात; तीन वेढ्यांनी रोध एका वेढ्याच्या साधारण नऊपट होतो. फेराइटचा प्रकार एचएफसाठी मिक्स ३१, व्हीएचएफसाठी (२ मीटरसारख्या बँडसाठी) ४३.

दुपारी उन्हात बंद उभी राहिलेली गाडी म्हणजे रेडिओसाठी भट्टी. डॅशबोर्डवर ६०-७० अंश सहज होतात. म्हणून रेडिओचं धड सीटखाली आणि फक्त पुढची पट्टी वर, मधे वेगळी केबल. सीटखाली मागच्या प्रवाशांच्या पायांकडे गरम हवेची नळी जात असेल तर तिच्या तोंडाशी रेडिओ नको. चारी बाजूंनी दोन बोटं हवा खेळती ठेवावी. रिपीटर जवळ असेल तर ५ किंवा १० वॉटवर बोलावं. उष्णताही कमी आणि बॅटरीही सुखी.

घाटात दोन गोष्टी एकदम बदलतात. पहिली, व्होल्ट. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर हुशार असतो: चढावर इंजिनचा भार कमी करायला तो १२.५ पर्यंत उतरतो, उतारावर पाय सोडला की १५ च्या जवळ चढतो. सकाळी उभ्या गाडीत घेतलेला १३.५ चा आकडा चढावर १२ च्या आसपास येतो, आणि ६ च्या वायरीचं मोल तिथे कळतं. काही गाड्यांत हेडलाइट लावले की व्होल्टेज वर राहतं. करून बघायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, क्षितिज. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये. २ मीटर उंचीवरच्या गाडीच्या अँटेनाला जेमतेम ६ किलोमीटर. भोवतालच्या सपाटीपेक्षा ४०० मीटर उंच डोंगरावरच्या रिपीटरला ८२. दोन्ही मिळून ८८. त्यामुळे गाडी-गाडीतलं थेट बोलणं सपाट रस्त्यावर १०-१२ किलोमीटरला संपतं आणि रिपीटरवरून, दोन गाड्या त्याच्या दोन बाजूंना असतील तर, पावणेदोनशेपर्यंत जाऊ शकतं. घाटाच्या वळणात मात्र मधे डोंगर आला की सूत्र संपलं. खिंडीत पोहोचल्यावर एकदम पाच-सहा रिपीटर उघडतात. ते आधीच मेमरीत टोन (रिपीटर उघडणारा सूर) आणि ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) यांसकट भरून ठेवलेले असावेत. स्टिअरिंग हातात असताना बटणं दाबत बसायचं नाही.

मुक्कामी इंजिन बंद. बोलण्याचं प्रमाण वेळेच्या दहावा हिस्सा धरलं तर सरासरी करंट १.६५ ॲम्पिअर. संध्याकाळचे चार तास म्हणजे साडेसहा-सात ॲम्पिअर-तास. चांगली बॅटरी हे सोसते. रात्रभर चालू राहिला तर सकाळी सेल लागेलच असं नाही. बॅटरी १२.२ वर आली की ती जवळपास अर्धी झाली, तिथे थांबावं. रोज मुक्कामी बोलायचं असेल तर २० ॲम्पिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी ठेवावी आणि ती डीसी-डीसी चार्जरमधूनच (गाडीच्या विजेवर चालून करंट मर्यादेत ठेवणाऱ्या) भरावी. अल्टरनेटरला थेट जोडली तर ती मागेल तेवढा करंट ओढते आणि वायर तापते. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

दुसऱ्या दिवशी पठारावर पाऊस. चुंबकी माऊंटची केबल दाराच्या रबरातून आत येते आणि तिच्या अंगावरून पाणी थेंबथेंब आत उतरतं. दाराबाहेर केबलला खाली झुकणारा एक वळसा दिला की पाणी तिथेच गळतं. अँटेनाच्या मुळाशी पाणी शिरलं तर फसवणूक होते: ओल्या कोॲक्समधला ऱ्हास वाढतो, परत येणारी पॉवर वाटेतच जिरते, आणि मीटरवरचा एसडब्ल्यूआर आधीपेक्षा चांगला दिसतो. रिपीटर ऐकू येईना आणि एसडब्ल्यूआर १.५ वरून १.१ झालेला, अशी जोडी दिसली की केबलचं टोक कापून जाळी पाहावी. ती काळी पडलेली असेल तर वाळवण्यात अर्थ नाही, केबलच बदलायची. नव्या जोडावर एकजीव होणारा रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळावा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा बसतो.

पोहोचल्यावर चुंबक ओढत न नेता सरळ उचलायचा, खालची धूळ पुसायची, नाहीतर रंगावर चरे पडतात. मग बोनेट उघडून बॅटरीचे दोन्ही लग आणि बॉडी अर्थचा बोल्ट हाताने हलवून बघायचे. ७०० किलोमीटरच्या थरथरीत यातला एखादा पाव वळसा सैल झालेला असतो. आवळून झालं की पुन्हा पीटीटी, पुन्हा मल्टिमीटर, आणि वहीत जुन्या १३.५ च्या शेजारी नवा आकडा.