डोकं स्थिर, खुर्ची फिरती

गणपतीच्या आधीचे दोन महिने लालबाग-परळच्या कारखान्यांत कुणाला जेवायलाही फुरसत नसते. त्याच दिवसांत डोळ्यांची आखणी करणारे पन्नाशीचे एक काका पुतण्याचा हात धरून माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आले. गळ्यात पट्टा, काखेत रिपोर्टांची पिशवी. घरगुती मूर्ती असल्या की तासन्‌तास मान खाली, मंडळाची मूर्ती असली की परांचीवर चढून मान वर, असं त्यांचं काम.

"घर फिरत नाही, मॅडम," ते म्हणाले. "पण पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळत नाही. मान डावीकडे वळवली की होडीत उभं असल्यासारखं होतं."

महिनाभरापूर्वी बसला जोरात ब्रेक लागला, मानेला झटका बसला. मान तेव्हापासून दुखत होती, आणि चक्कर त्यानंतरच सुरू झाली होती.

एवढं ऐकून मानेवर बोट ठेवणं सोपं होतं. पण मानेचं नाव मी सगळ्यात शेवटी घेते. चक्कर आली की एक्स-रे काढायचा, त्यात 'गॅप' दिसला की पट्टा बांधायचा, हे मी फार पाहिलंय आणि ते मला मनापासून खटकतं. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, चक्कर असो वा नसो. त्या गॅपच्या आड मग उभं राहताना उतरणारं बीपी लपतं, मायग्रेन लपतं, कानाचा आजार लपतो. आणि मानेला झटका बसलेला असेल तर मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना इजा झालेली असू शकते, ती लपली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हात लावण्याआधी विचारलं: एकाचे दोन दिसतात का? बोलताना जीभ जड होते? गिळायला त्रास? चेहरा बधिर? पाय अचानक गळून पडतात? यातल्या एकालाही 'हो' आलं असतं तर मी त्यांना थेट कॅज्युअल्टीत पाठवलं असतं. सगळी उत्तरं 'नाही' होती. न्यूरोलॉजिस्ट आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधीच तपासलेलं होतं. मी आडवं आणि उभं बीपी घेतलं, मान वळवून झटकन आडवं करण्याची डिक्स-हॉलपाइक तपासणी केली. कानातले कण सरकले असतील तर यात बुबुळं थरथरतात; काकांची शांत राहिली.

मग त्यांना फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. समोर उभी राहून मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि माझ्या सहकारी मुलीने खुर्ची सावकाश फिरवली. धड एका बाजूला वळलं, डोकं होतं तिथेच. काही नाही. दुसऱ्या बाजूला खुर्ची जेमतेम फिरली आणि काकांनी हँडल आवळलं. "आली, आली! हीच ती!"

पुतण्या उठून उभाच राहिला. "पण डोकं तर हललंच नाही!"

नेमकं तेच बघायचं होतं. तोल सांभाळणारा आतला कान कवटीत असतो. कवटी हललीच नाही तर त्याला कळवायला काही नसतं. पिळली गेली ती फक्त मान. नंतर डोकं आणि धड एकत्र फिरवलं, तेव्हा कान ढवळला गेला, मान नाही. काकांना काहीही झालं नाही.

नुसत्या या चाचणीने मानेची चक्कर सिद्ध होत नाही, तशी पक्की चाचणीच नाही. पण बाकीची दारं बंद झाल्यावर ती बोलकी ठरते. कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक खच्चून भरलेले असतात. डोकं धडावर कुठे आहे, हे ते मेंदूला सतत कळवतात. मेंदू ते डोळ्यांच्या आणि कानाच्या माहितीशी जुळवतो. मान दुखावली, आखडली की तिची माहिती चुकते, जुळणी फसते आणि तोल जातो.

किती चुकते, ते दुसऱ्या तपासणीत दिसलं. डोक्याला लेसर बांधून ९० सेंटिमीटरवर भिंतीवर कागद लावला. डोळे मिटून मान डावीकडे न्यायची आणि परत मध्यावर आणायची. साधारण ७ सेंटिमीटरपर्यंतची चूक चालते. काकांचा ठिपका वीतभर लांब पडला होता. "बरोब्बर मध्ये आहे ना?" त्यांनी खात्रीने विचारलं. डोळे उघडल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मूर्तीच्या पापणीची रेघ केसभर न चुकवणारा माणूस तो.

पट्टा हळूहळू सोडवला, कारण मान बांधून ठेवली की तिची जाण आणखी मंदावते. वरच्या सांध्यांवर हाताने उपचार, मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम, लेसरचा ठिपका मध्यावर आणण्याचा सराव, नजर एका अक्षरावर ठेवून मान हलवणं, मग गादीवर उभं राहून तोल सांभाळणं. चक्करेच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांनी कमी केल्या. तोलाची यंत्रणा दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचं सावरणं लांबतं.

खरा वाद झाला परांचीवरून. "सीझन आहे मॅडम, पोटाचं काय?" मी ऐकलं नाही. मोठ्या मूर्ती त्या वर्षी पुतण्याने केल्या. काकांनी लहान मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर, फिरत्या पाटावर घेतल्या, म्हणजे वळायची ती मूर्ती, मान नाही. चतुर्थीच्या आत ठिपका मर्यादेत आला आणि ते स्टेशनचा जिना कठडा न धरता उतरू लागले.

नंतर ते बायकोला घेऊन आले. तिलाही चक्कर, म्हणून आपलेच व्यायाम त्यांनी तिला शिकवले होते; फरक शून्य. तिला मात्र झोपेत कूस बदलली की घर फिरायचं, मिनिटभराच्या आत थांबायचं. उजवीकडे डिक्स-हॉलपाइक केली आणि बुबुळं थरथरू लागली. कानातले कॅल्शियमचे कण जागचे सरकले होते. तिथेच एप्लीची हालचाल करून ते परत जागी नेले, आणि मानेचे व्यायाम तिला बंद करायला सांगितले.