सहलीआधीचे तीन दिवस : आमची वाटचाल

नाशिकला गंगापूर रोडवर २०११ साली आम्ही नवरा-बायकोनं दोन टेबलं टाकून काम सुरू केलं. तेव्हा आमच्याकडे पासपोर्टचे अर्ज, विमानाची तिकिटं आणि प्रवास विमा एवढंच होतं. ग्रुप टूर आम्ही तेव्हाही काढत नव्हतो, आजही काढत नाही. आमचं काम टूरच्या आधीचं. सहल सुरू होण्यापूर्वी दोन-चार दिवस इटलीत आपल्या चालीनं राहायचं असेल, तर ते दिवस आम्ही नीट बसवून देतो.

या कामाला लावलं ते माझ्या शाळेतल्या बाईंनी. २०१४ ची गोष्ट. बाई निवृत्त झाल्या होत्या, युरोपची टूर भरून झाली होती, आणि कार्यक्रमात रोमला एकच दिवस होता. त्यातही कलोसियम बाहेरून. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं मुलांना रोम शिकवलं. आता ते बसच्या खिडकीतून बघून येऊ का?" टूर कंपनीशी बोलून आम्ही त्यांचं बुकिंग 'जॉइनिंग-लीव्हिंग' करून घेतलं, म्हणजे विमान त्यांचं त्यांनी करायचं आणि रोमच्या हॉटेलवर ग्रुपला मिळायचं. तीन दिवस आधी त्या गेल्या. एक अख्खी सकाळ त्यांनी फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, दगडांमध्ये काढली. परत आल्यावर तासभर बोलत होत्या, आणि सगळ्यात जास्त बोलल्या त्या रोमच्या रस्त्यांवरच्या पाण्याच्या नळांबद्दल. नासोनी म्हणतात त्यांना. अडीच हजारांच्या आसपास आहेत, थंडगार पाणी, फुकट. तीन दिवसांत त्यांनी पाण्याची एकही बाटली विकत घेतली नव्हती.

त्यांनी चार जणींना सांगितलं, त्या चौघींनी आणखी कुणाला. आमचा धंदा असाच वाढला.

पण २०१६ मध्ये आमच्याकडून मोठी चूक झाली. एका कुटुंबाला आम्ही फ्लॉरेन्सला दोन दिवस दिले, त्यातला दुसरा, पूर्ण हाती असलेला दिवस सोमवार निघाला. सोमवारी उफिझी हे तिथलं मोठं चित्रसंग्रहालय बंद, मायकेलँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही बंद. त्या घरातली मुलगी चित्रकला शिकत होती. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसतं शांतपणे "काकू, दार बंद आहे" म्हणाली. आम्ही आमची सगळी फी परत केली, पण तो दिवस परत देता आला नाही. तेव्हापासून तारखा ठरवण्याआधी आम्ही वार बघतो. रोमची बोर्गेझे गॅलरीही सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, त्यामुळे त्या दिवशी रांगेचा अंत नसतो. हा तक्ता आमच्या भिंतीवर आहे. त्याच्याकडे पाहिल्याशिवाय आमच्याकडे एकही तिकीट निघत नाही.

लोकांना वाटतं, जास्तीचे दिवस म्हणजे हॉटेल वाढवलं की झालं. खरी गुंतागुंत व्हिसात आहे. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. समजा टूरमध्ये स्वित्झर्लंडच्या चार रात्री आणि इटलीच्या तीन. टूर कंपनी स्विस व्हिसाची तयारी करते. तुम्ही आधी रोमच्या तीन रात्री घातल्या की इटलीच्या सहा होतात, आणि अर्ज इटलीकडे जायला हवा. हे शेवटच्या महिन्यात लक्षात आलं तर धावपळ कुणालाच झेपत नाही. म्हणून टूरचे पैसे भरायच्या आधी आमच्याकडे या, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. विमाही पहिल्या दिवसापासून लागतो, किमान तीस हजार युरोंचा. टूर कंपनीचा विमा बहुधा टूरच्या तारखांपुरताच असतो.

९ मार्च २०२० ला इटलीनं सगळा देश बंद केला तेव्हा आमच्याकडे सात कुटुंबांची बुकिंगं होती. काही लहान हॉटेलांनी पैसे परत दिले, काहींनी पुढच्या तारखेचं व्हाउचर दिलं. भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. मधली दोन वर्षं यजमानांनी विम्याचं काम केलं, मी शिकवण्या घेतल्या. सातपैकी पाच कुटुंबं नंतर आमच्याकडूनच गेली. ते मी कधी विसरणार नाही.

आता बेत आखताना आमचा आग्रह ठाम असतो. पहिल्या दिवशी तिकीट लागणारं काहीही नाही. विमान सकाळी उतरतं, खोली दुपारी मिळते. सामान हॉटेलात ठेवायचं आणि जवळच्या चौकात जाऊन बसायचं. जे शहर टूरमध्ये घाईत उरकतात, तेच आधी घ्यायचं. बहुतेक वेळा ते फ्लॉरेन्स असतं. रोमहून वेगवान गाडीनं दीड तास. आणि टूर सुरू होते त्या गावी आदल्या दिवशी दुपारीच पोचायचं, कारण इटलीत रेल्वेचे संप होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, हेही आम्ही कागदावर लिहून देतो.

कलोसियमच्या तिकिटावर २०२३ पासून नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, तिथे गोंधळ होतो. ती तिकिटं तीस दिवस आधी खुली होतात, आणि त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेत नाही.

व्हेनिसबद्दल मला वेगळं सांगायचंय. ग्रुप टूरचं हॉटेल पुष्कळदा मेस्त्रेला, पुलाच्या अलीकडे मुख्य भूमीवर असतं. मग व्हेनिस दिसतं ते भर दुपारच्या गर्दीत. आधी एक रात्र जरी मिळाली तरी बेटावरच राहा. दिवसाचे पाहुणे गेल्यावर आणि पहाटे बोटींची ये-जा सुरू होण्याआधी ते गाव काय आहे ते कळतं. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आम्ही सांता लुचिया स्टेशनाजवळचंच हॉटेल देतो. तिथे पुलांना पायऱ्या आहेत, आणि बॅग चाकांची असली तरी उचलावीच लागते.

जेवणाचं म्हणाल तर, आमचे बरेच पाहुणे शाकाहारी. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणानं बनतं, हे आम्ही आधीच सांगतो. मग ज्याचं त्यानं ठरवावं. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी मारिनारा पिझ्झा आहे, चीजशिवायचा, टोमॅटो आणि लसणाचा. फ्लॉरेन्सला शिळ्या पावाची आणि भाज्यांची रिबोल्लिता मिळते. ती आमच्या एका आजींना इतकी आवडली, की आता त्या घरी करतात.

गेल्या आठवड्यात ती २०१६ ची मुलगी आली होती. आता ती शाळेत चित्रकला शिकवते. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन निघाली आहे, टूर व्हेनिसपासून सुरू होते. तिला आधी व्हेनिसजवळच्या पादुआला जायचंय, जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकारानं रंगवलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपेल बघायला. तिथे आधी पंधरा मिनिटं बाहेरच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग पंधरा मिनिटं आत सोडतात. मी भिंतीवरचा तक्ता पाहिला, वार पाहिला, आणि तिच्यासमोरच सकाळची वेळ नोंदवली.