निकालाआधीच नोंदणी कशाला?

"निकाल आल्यावर बघा की अभ्यास बरोबर होता का ते! नुसत्या कागदावरच्या बेताची एवढी चिरफाड कशाला?" मी आरोग्य संशोधनाचे प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यास कसा करायचा याचे आधी लिहिलेले बेत, तपासते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. विचारणारा वैतागलेला असतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून माझीच गोष्ट सांगते.

माझा पहिला अभ्यास गुडघेदुखीवरच्या व्यायामाचा होता. प्रोटोकॉलमध्ये लिहिलं, "वेदना कमी होते का ते पाहणे." तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली पेन्सिलीने चार प्रश्न लिहिले. चालतानाची वेदना की बसल्याजागची? कोणत्या मोजपट्टीवर? कितव्या आठवड्यात? कितीने उतरली तर 'कमी' म्हणायचं? मला राग आला. असा बेत अभ्यासाआधीच सगळ्यांना बघता येईल अशा रजिस्ट्रीत नोंदवण्याची सक्ती तेव्हा नव्हती, मी गुळमुळीत उत्तरं देऊन सुटले. आकडे आले, तेव्हा बाराव्या आठवड्यात काडीचा फरक नव्हता. सहाव्या आठवड्यात जिना चढताना मात्र होता. आणि मला अगदी मनापासून वाटायला लागलं, की आपल्याला जिन्याचंच तर बघायचं होतं! लबाडी नव्हती हो. म्हणून तर भीती जास्त.

उपचार पूर्ण निरुपयोगी धरा. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस गोष्टी मोजल्या, तर ५ टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाचदा फसगत चालवून घ्यायची) त्यातली एक तरी 'यशस्वी' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आयसिस-२ या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याचे १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिनने जीव वाचतात हे त्यात स्पष्ट दिसलं. संपादकांना रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून निकाल हवे होते. संशोधकांनी ते दिले, पण सोबत राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच! गट पाडत गेलं की योगायोगाने असं काहीतरी निघतंच, हे दाखवायला. (राशी जन्मतारखेवरून काढलेल्या, पत्रिका घेऊन येऊ नका.)

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ मध्ये जाहीर केलं, की पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी नसेल तर चाचणीचा निबंध छापणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्या पुढे कोणीतरी मोजून पाहिल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता, नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. सगळं श्रेय नोंदणीला देता येणार नाही, पण एवढी घसरण बघून मी तरी दचकले.

प्रोटोकॉल बदलता येतो का? येतो. बदल आणि त्याची तारीख रजिस्ट्रीत राहते, एवढंच. अभ्यास संपत आल्यावर नोंदणी करणारेही भेटतात. ते वरातीमागून घोडं. आणि नुसत्या नोंदणीनेही भागत नाही, कारण वाईट बेतसुद्धा व्यवस्थित नोंदवता येतो. दोनशे माणसं लागतात तिथे चाळीसच घेतली, तर नंतर कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ आणा, उत्तर निघत नाही. त्या चाळीस जणांनी सुया टोचून घेतल्या त्या वाया.

जिन्याचा तो निबंध छापून आला. बाराव्या आठवड्याचा त्यात उल्लेख नाही, आणि मूळ बेत काय होता हे वाचणाऱ्याला कुठे जाऊन बघायची सोयही नव्हती.