आल्टा फियॉर्डच्या दोन तिरप्या रेषा : आलेखाची तिसरी नोंद

उत्तर नॉर्वेतील आल्टा फियॉर्डच्या (जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) काठांवर जुन्या किनाऱ्यांच्या दोन रेषा आज समुद्राच्या वर दिसतात. अंतरानुसार त्यांची उंची दाखवणारा जो आलेख गेल्या नोंदीत अर्धवट राहिला होता, तो आता जुळला आहे. चूक अंतराच्या अक्षात होती. मी फियॉर्डच्या वळणांप्रमाणे अंतर मोजत होतो, त्यामुळे सरळ यायला हवी ती रेषा मध्येच मोडत होती. जमीन ज्या दिशेने कलली आहे, त्या दिशेने प्रत्येक ठिकाणाचे अंतर घेतल्यावर तो मोड नाहीसा झाला.

मूळ मोजमापे फ्रेंच शास्त्रज्ञ ऑग्युस्त ब्राव्हे यांची आहेत. १८३८-३९ चा हिवाळा त्यांनी आल्टाजवळच्या बॉसेकॉप येथे काढला. त्यांच्या आकड्यांनुसार वरची रेषा फियॉर्डच्या आतल्या टोकाला सुमारे ६७ मीटर, तर बाहेरच्या किनाऱ्यावरील हॅमरफेस्ट गावाजवळ सुमारे २९ मीटर उंचीवर आहे. खालची रेषा २८ मीटरवरून १४ मीटरवर येते. दोन्ही टोकांमधील सरळ अंतर ८० किलोमीटरच्या आसपास धरले, तर वरचा उतार किलोमीटरमागे अर्धा मीटर आणि खालचा जेमतेम १७ सेंटिमीटर निघतो. समुद्राची पातळी अशी कलत नाही; कलली ती जमीन. हिमयुगात आतल्या भागात बर्फाचा थर जाड होता, तेथील भूपृष्ठ अधिक दबले होते आणि बर्फ वितळल्यावर तेच अधिक वर आले. जुन्या, म्हणजे वरच्या रेषेने या उचलण्याचा अधिक काळ पाहिला, म्हणून ती अधिक तिरपी आहे.

यापुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या यंगर ड्रायस या थंड कालखंडात हिमनद्या पुन्हा पुढे सरकल्या आणि त्यांनी ट्रॉम्सो-लिंगेन हिमोढांची (हिमनदीने ढकलून आणलेल्या दगडमातीच्या ढिगांची) रांग मागे ठेवली. त्याच थंडीत समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत दीर्घकाळ जवळपास स्थिर राहिल्याने कातळाच्या भेगांत गोठणारे पाणी आणि समुद्रबर्फ यांनी किनाऱ्याच्या कातळात ‘मुख्य रेषा’, म्हणजेच वरची रेषा, कोरली. पुढे, सुमारे ७,००० वर्षांपूर्वी, बाहेरच्या किनाऱ्यावर वाढत्या समुद्राने उचलत्या जमिनीला मागे टाकले. आत मात्र जमीनच वरचढ ठरली.

आता आलेखावर आल्टाची कातळचित्रे बिंदूंच्या रूपाने मांडायला घेतली आहेत. १९८५ पासून जागतिक वारसा असलेली ही चित्रे त्या-त्या काळच्या पाण्याच्या काठाजवळ कोरलेली असल्याने सर्वांत उंचावरची चित्रे सर्वांत जुनी आहेत. पहिले चार बिंदू खालच्या रेषेच्या खाली बसले आहेत.