साखर चालते, सुकट नाही

परवा दुपारी ऑफिसात डबे उघडले आणि गुजराती मित्राच्या डाळीवरून नेहमीची चेष्टा सुरू झाली. "अरे, ही डाळ आहे की पाक?" त्यानेही लगेच फेड केली, "आणि तुमच्या आमटीत गूळ कोण घालतं?" चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाने यावर काय बोलायचं?

घरी तरी वेगळं काय होतं? आई कोकणस्थ, वडील देशस्थ. भाजीत ओलं खोबरं दिसलं की वडिलांचा चेहरा उतरायचा. त्यांनी दाण्याचं कूट मागितलं की आई म्हणायची, "घाला, घाला, भाजी दिसता कामा नये." पाहुण्यांपुढे मोजून लाडू ठेवण्यावरून आमच्या आजोळचा उद्धार तर दर दिवाळीला ठरलेला. कुणी मनाला लावून घेतल्याचं आठवत नाही. टोला परत मारता येत होता ना!

वासाचं तसं नसतं.

शाळेत आमच्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. एकदा तिने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी आणली. कुणी भांडलं नाही, बोललंही नाही. बाकावरच्या दोघी आपापले डबे उचलून मागे जाऊन बसल्या, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात बटाट्याची भाजी. बाईंनी त्याचं कौतुक केलं, ते मला अजून खटकतं.

2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेची एक पुस्तिका काढली होती. तीत हेही होतं, की बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गोंधळ न होता शिजवा. अखुनी म्हणजे नागा लोकांचं आंबवलेलं सोयाबीन. इतक्या लांब आलेल्या पोराला घराची आठवण आली तर त्याने काय हुंगायचं? मुंबईत पुस्तिकाही लागत नाही. घर बघायला निघालात की एजंट फोनवरच विचारतो, "व्हेज ना?" तेवढ्यात जात, धर्म, सगळं विचारून होतं.

माझं म्हणाल तर मला तूप कढवतानाचा वास अजिबात सोसत नाही. बेरी करपायला लागली की डोकं उठतं. आमच्या मजल्यावर कुणी ना कुणी कढवत असतंच. मी खिडकी लावून गप्प बसतो. तक्रार केली तर लोक मलाच वेड्यात काढतील, शिवाय नंतर वाटीभर तूप आमच्याकडेही येतं.

जवळा भाजणाऱ्या घरातून अशी वाटी कधी आली नाही. कशी येईल?