√७२ ला शून्य मार्क

नववीच्या घटक चाचणीतला एक पेपर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. प्रश्न तीन मार्कांचा, सरळ रूप द्या: √५० + √१८ − √८. दरवर्षी ढीगभर पोरं इथे √६० लिहितात, आतले आकडे थेट बेरीज-वजाबाकी करून मोकळी. बाकीची ५√२ + ३√२ − २√२ करून ६√२ वर येतात. या मुलाचं उत्तर होतं √७२, आणि तपासणाऱ्या मॅडमनी आडवी रेघ मारून शून्य दिलं होतं.

तो माझ्या वर्गातला नाही, पण गणितातलं काही अडलं की येतो. म्हणाला, सर हे चूक कसं? बघतो तर √७२ म्हणजे √(३६ × २), म्हणजे ६√२ च की! मग समासातलं पेन्सिलीचं कच्चं काम बघितलं. ६८, ६०, १२८. खाली १३६, ६४, ७२. बस्स. ५० आणि १८ ची बेरीज ६८, गुणाकार ९००, त्याचं मूळ ३०, दुप्पट ६०, दोन्ही मिळून १२८, म्हणजे √५० + √१८ = √१२८. पुढे १२८ नि ८, बेरीज १३६, गुणाकार १०२४, मूळ ३२, दुप्पट ६४, आता वजाबाकी आहे म्हणून १३६ − ६४ = ७२. कुणी शिकवलं रे? "कुणी नाही सर, दोघांच्या बेरजेचा वर्ग करून बघितला."

अहो, ही भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातली रीत आहे, १२ व्या शतकातली! बेरीज ती महती, गुणाकाराच्या मुळाची दुप्पट ती लघु, दोन्ही मिळवायच्या किंवा वजा करायच्या, आणि उदाहरणात √२ नि √८ ची बेरीज √१८. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेख आहे तिथे, आणि आपल्याकडे त्याच रीतीला शून्य. पुस्तकातली रीत झटपट आहे, मीही तीच शिकवतो, पण √५० + √१८ म्हणजे √६८ का नाही हे तिच्यातून पोरांना कळत नाही. याच्या रीतीत ६८ मध्ये मिळवायचे राहिलेले ६० समोर दिसतात.

दुसऱ्या दिवशी त्याला √३ + √७ दिलं. १० + २√२१ पर्यंत आला नि थांबला. "सर, २१ चं मूळ सुटत नाही, हे दोन वेगळेच ठेवायचे." भास्कराचार्यांनीही हीच जोडी दिलीय, नीट विचार करून सांग म्हणून.

मॅडम आधी आदर्श उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून बसल्या होत्या. पायऱ्या जुळल्या नाहीत की विचार बघायचाच नाही, ही सवय फार वाईट लागलीय आपल्याला. शेवटी दोन मार्क दिले. तिसरा नाही, कारण सरळ रूप मागितलंय आणि √७२ हे सरळ रूप नाही. नियमाने त्यांचं बरोबर आहे, पण ६√२ लिहिणाऱ्या कितीजणांना ते १२८ सापडले असते, हे मी अजून स्टाफरूममध्ये विचारतोय.