दुसऱ्या कोकराचं दूध : आमची वाटचाल

फलटण तालुक्यात आम्ही कोकरांसाठी दूध पावडर आणि खुराक बनवतो. धंदा सुरू झाला घरच्या कळपातून. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळं देणारा जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तेव्हापासून आमच्याकडेही जुळी होऊ लागली. वडील खूश होते. मला मात्र ते दुसरं कोकरू दिसायचं. पोट खपाटीला गेलेलं, पोक काढून कोपऱ्यात उभं.

गाईचं दूध पाजून पाहिलं. त्यात फॅट ३.५ ते ४ टक्के, मेंढीच्या दुधात ६ ते ७. कोकरं जगली, पण अंग धरेनात. मग वासरांची पावडर आणली आणि कोमट पाण्यात कालवून दोन वेळा पोटभर पाजली. आठवड्याभरात तीन कोकरं पोट फुगून गेली. संध्याकाळी उड्या मारणारं पिल्लू पहाटे ताठ पडलेलं मी पाहिलंय. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, चौथ्या कप्प्यात नुसता वायू. एकदम भरपूर दूध गेलं की जंतू त्यातली साखर आंबवतात.

आमची पावडर तिथून घडली : प्रथिनं २४ टक्के, फॅट २५ च्या वर, एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम पावडर. पाजायचं थोडं थोडं, सुरुवातीला दिवसातून चार वेळा. आम्ही स्वतः त्यात विरजण घालून पाजतो, पोटफुगी कमी होते. चीक मात्र आम्ही विकत नाही, कारण त्याला पर्याय नाही. जन्मानंतरच्या पहिल्या सहा तासांत कोकराच्या वजनाच्या किलोमागे ५० मिली तरी पोटात गेलाच पाहिजे. ज्या मेंढीला जास्त सुटतो तिचा चीक गोठवून ठेवा, एवढंच प्रत्येकाला सांगतो.

वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या, एक आत्या एकदा म्हणाल्या, “लेकरा, कोकरापेक्षा पावडरच महाग पडली की!” ते मनाला लागलं. दूध पाजायला आम्ही शिकवत होतो, ते तोडायला नाही. म्हणून खुराक सुरू केला : भरडलेला मका, शेंगदाणा पेंड, सोयापेंड आणि मेंढ्यांचं वेगळं खनिज मिश्रण. गाईम्हशींच्या मिश्रणातलं तांबं मेंढीला विष ठरू शकतं, तिथे आम्ही अजिबात तडजोड करत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि स्वच्छ पाणी समोर हवंच. दाण्यामुळेच रवंथाचं पोट तयार होतं, दुधाने ते होत नाही.

दूध कधी तोडायचं? लोक वय विचारतात, आम्ही दाणा विचारतो. पाच-सहा आठवड्यांचं कोकरू सलग तीन दिवस २०० ग्रॅमच्या वर खाऊ लागलं आणि वजन जन्माच्या अडीच-तीन पट झालं, की दूध एकदम बंद. जागा आणि खुराक मात्र तोच ठेवायचा, आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन कोकरू अचानक दगावतं तो रोग) लस चुकवायची नाही. यामुळे आमची पावडर कमी खपते, पण तीच माणसं पुढच्या विताला परत येतात.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांसाठी आता २०० ग्रॅमच्या पुड्या बांधतो. घोड्यावर लहान कोकरं असतात, त्यांच्याशेजारी बाटली आणि निपल. एक पुडी, एक लिटर पाणी. वाटेत तराजू लागत नाही.